नायलॉनचे तीन फासे

फासे पाटावर गडगडले आणि थांबले. एक, एक, दोन.

“चार,” हिंदुराव म्हणाले. “बुद्धी चार. लिव गं दिशा.”

दिशानं पेन खाली ठेवला. “चार? अठरापैकी?”

“अठरापैकी.”

“तात्या, मी डिप्लोमाला वर्गात पहिली हाय. बारामतीस्नं सकाळची येष्टी धरून आले, ती काय अक्कल चार लिवून घ्यायला?”

फिरोज फिसकन हसला. दिशाचा थोरला भाऊ संघपाल मात्र हसला नाही. तो पाटावरच्या फाशांकडं बघत राहिला.

वालचंदनगरच्या कामगार वसाहतीत हिंदुरावांच्या क्वार्टरला पुढं छोटी पडवी होती, आणि त्या पडवीत गेली तीन वर्षं दर रविवारी सकाळी हा खेळ चालायचा. इंदापुरात फिरोजचं वह्या-पुस्तकं बांधायचं दुकान. त्र्याण्णव साली पुण्याहून आलेल्या रद्दीच्या गठ्ठ्यात त्याला कव्हर फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक सापडलं. त्यात खेळ होता, पण सोंगट्या नव्हत्या, पट नव्हता. एकानं गोष्ट सांगायची आणि बाकीच्यांनी त्या गोष्टीतली माणसं व्हायचं. वाटेत दरी आली तर उडी मारायची का माघारी फिरायचं, हे ज्याचं त्यानं बोलायचं. संघपाल कंपनीत ड्राफ्ट्समन. त्यानं आठ महिने खपून ते सगळं मराठीत उतरवलं, दोनशेपानी वहीत, नकाशावर लिहितात तसल्या सरळ अक्षरात. प्रत्येक माणसाला सहा गुण दिले: बळ, चपळाई, काटकपणा, बुद्धी, शहाणपण आणि छाप. छाप म्हणजे चारचौघांत त्याच्या शब्दाला किती वजन. प्रत्येक गुणासाठी तीन फासे टाकायचे आणि बेरीज मांडायची. तीनपासून अठरापर्यंत काय येईल ते.

आणि गोष्ट सांगायची हिंदुरावांनी. दुसरं कोण सांगणार?

पोरवयात त्यांनी मोरगावकडच्या सावळारामबुवांच्या मागं दोन वर्षं टाळ धरला होता. कीर्तनकार व्हायचं हा एकच ध्यास. विसाव्या वर्षी बुवांनी त्यांना गावच्या मारुतीपुढं एकट्याला उभं केलं. पूर्वरंग कसाबसा निभला. मग मध्यंतराचा बुक्का लागला, गळ्यात हार पडला, उत्तररंगाला आख्यान धरायचं म्हणून तोंड उघडलं, तर पाय लटपटायला लागले आणि आख्यान डोक्यातून पुसून गेलं. समोर दोनशे माणसं. हार गळ्यात तसाच ठेवून हिंदुराव खाली उतरले, ते पुन्हा बोलायला कधी उभे राहिले नाहीत. पुढं कंपनीत फिटर झाले. पण पडवीत मांडी घालून बसलं, समोर दोघं-तिघंच ऐकणारे असले, की आतलं सगळं मोकळं व्हायचं. ते आधी नमन करायचे, फिरोज बिस्किटाच्या डब्यावर ठेका धरायचा, अर्धी गोष्ट झाली की बुक्क्याच्या वेळेला चहा यायचा, आणि चहानंतर आख्यान असं रंगायचं की हिंदुरावांची बायको लीलाबाई पीठ मळता मळता हात तसेच धरून दारात येऊन उभी राहायची. त्यांच्या गोष्टीतली माणसं दुबळी असायची. फाशावर पडायचीच तशी. संघपालचा तोतरा गुरव, फिरोजचा दम्याचा पखालवाला. फिरोजचा पखालवाला काटकपणा चारच्या पायी घाटात गेला, त्या रविवारी लीलाबाईसकट चौघंही रडले होते. “पडलं ते पडलं,” हिंदुराव म्हणाले होते. “देवानं दिलं ते गोड मानून घ्या. त्यातच रस हाय.”

ती थोरली गोष्ट मागच्या रविवारी संपली. काल्याच्या कीर्तनासारखी गोड संपली. आता नवी माणसं मांडायची होती, आणि संघपालच्या हट्टानं या खेपेला दिशाही आली होती.

“लिव की गं,” हिंदुराव पुन्हा म्हणाले.

संघपालनं खिशातून आलेखाच्या कागदाची घडी काढली आणि पाटावर, फाशांच्या शेजारी, उलगडून ठेवली. “तात्या, जरा बघा. पुस्तकात मागं दुसरी रीत बी दिली हाय. मी आधी ते पान सोडलं व्हतं. फासे टाकायचेच न्हाईत. सगळ्यांना सारखे गुण. त्रेसष्ट. ज्यानं त्यानं आपल्या मनानं सहा ठिकाणी वाटायचे.”

“वाटायचे? पंगत बसलीय काय?”

“आपला माणूस आपण घडवायचा, एवढंच.”

हिंदुरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांचा राग आधी तिथंच दिसायचा. “आपण घडवायचा! अरं, तू जन्माला येताना तुला कुणी इचारलं व्हतं का, बाबा नाक केवढं देऊ, उंची किती देऊ?”

“न्हाय इचारलं. म्हणूनच म्हणतोय.”

“उद्या सगळे बळ अठरा घेऊन येतील. एक तोतरा न्हाय, एक लंगडा न्हाय, एक भित्रा न्हाय. सगळे छाती काढून हुबे! मग देवानं हात द्यायचा कुणाला? रडायचं कुणासाठी?”

“तोतरा मला बी आवडतो. तीन वर्षं बोललोय त्याच्या तोंडानं. पण तो मी लिवलेला असावा, पदरात टाकलेला नसावा.”

“पदरात पडलेलं जो गोड मानतो ना, त्यालाच—”

“बास करा तात्या!” संघपाल उभाच राहिला. त्याचा आवाज इतका चढलेला त्या पडवीनं कधी ऐकला नव्हता. “काय बोलताय ते कळतंय का तुमाला? जन्मताना पडलं ते गोड मानून घ्या. आमच्या घरात हे ऐकून घेणारा शेवटचा माणूस म्हंजी माझा आजा, गंगाराम. छप्पन्न साली त्यानं ते सोडलं. घरातले देव सुदिक पाण्यात सोडले. आन चाळीस वर्षांनी मी, रविवारी आंघोळ करून, तुमच्या पडवीत येऊन ते परत घ्यायचं? खेळ म्हणून?”

फिरोजनं डब्यावरचा हात काढून घेतला.

“मी जातीचं काढलं?” हिंदुराव ओरडले. “माझ्या घरात? लीला, तू सांग, या घरात कधी कुणी—”

“तुमी न्हाय काढलं. पण रीत तीच हाय ना.”

या सगळ्यात दिशा वही चाळत होती. तिनं बोटानं बेरजा केल्या, पान उलटलं, पुन्हा केल्या. मग शांतपणे म्हणाली, “दादा, वहीत अकरा माणसं हायत. एकाची बी बेरीज पन्नासच्या वर न्हाय. तीन सरळ फाशांची सरासरी साडेधा येते. सहा गुणांची त्रेसष्ट. कुणी वर, कुणी खाली असायला पायजे. हितं अकराच्या अकरा खाली.”

“म्हंजी?” हिंदुराव म्हणाले.

“म्हंजी फासे एकदा बघा, तात्या.”

आता मानही लाल झाली. हिंदुरावांनी तिन्ही फासे मुठीत घेतले. “हे फासे मी केलेत. या हातानं. तू पाळण्यात व्हतीस तवापास्नं... अगं, तुझ्या वयापेक्षा जास्त वर्षं मी मशीनवर काढलीत! मी लबाड? मी फाशांत खोट ठेवलीय?”

“लबाड कोण म्हणलं?”

“निघा. उठा सगळे. न्या ते त्रेसष्ट आन बसा घरी वाटत!”

ते निघाले. संघपालनं चपला घातल्या, दोन पावलं गेला, माघारी आला आणि पाटावरची वही उचलून काखेत मारली. वही त्याच्या हातची होती, त्याचीच होती. पण त्या वहीसकट सगळा खेळ गेला, हे पडवीत उरलेल्या नवरा-बायकोला कळलं.

पुढचे तीन दिवस हिंदुराव घरात फक्त भांड्यांशी बोलले. तांब्या आदळायचा, ताट सरकवायचं. लीलाबाई म्हणाली, “राग पोरांवर हाय नव्हं? मग माझ्या तांब्याला पोचे कशाला?”

“त्या पोरीनं मला लबाड म्हणलं.”

“फासे बघा म्हणली. आता बघितले का?”

“बघायचं काय त्यात?”

“मग रविवारी कुणाला गोष्ट सांगणार? मला? मला भाकरी थापायच्यात.”

हे त्यांना झोंबलं, कारण खरं होतं. देवळात हिंदुराव टाळ धरायला जात, पण तिथं बोलणारा बुवा वेगळा. आख्यान धरायला त्यांना उभ्या जगात ती एक पडवी आणि ती दोन-तीन माणसं होती. तीच माणसं आपण हाकलली. आणि हाकलली ती खरी बाजू आपली असताना, हे तर जास्तच जळत होतं. फासे स्वच्छ आहेत एवढं एकदा दाखवून दिलं की झालं. मग येतील खाली मान घालून.

गुरुवारी ते फासे खिशात टाकूनच कामावर गेले.

हिंदुरावांचं काम बॅलन्सिंगचं. बॉयलरच्या पंख्याची दीड-दीड टनांची चाकं त्यांच्याकडं यायची. चाकात दांडा घालून तो दोन समांतर धारांवर ठेवायचा. चाक आपणहून हळूहळू फिरतं आणि थांबतं. जी बाजू खाली येऊन थांबली ती जड. तिथं खडूनं खूण करायची, तेवढं लोखंड कोरून काढायचं, पुन्हा फिरवायचं. चाक कुठल्याही बाजूला निमूट थांबायला लागलं की ते सरळ झालं. जड बाजू लपत नाही. चोवीस वर्षांत हिंदुरावांपुढं एकही चाक खोटं बोलून सुटलं नव्हतं.

दुपारच्या सुटीत शेडमध्ये कुणी नव्हतं. त्यांनी एक फासा धरला, पाचाच्या बाजूचा मधला ठिपका फोडून बारीक ड्रिल आरपार नेलं आणि भोकात दाभण घातलं. व्हाइसच्या जबड्यात दोन पातळ पट्ट्या धरल्या, लेव्हल लावून बघितली, आणि दाभण त्यावर टेकवलं.

फासा फिरला. डुलला. थांबला. सहा खाली, किंचित चाराकडं कललेला. वर एक.

बोटानं त्यांनी सहा वर आणला आणि सोडला. फासा लगेच उलटला. वर एक.

“हात्तिच्या,” हिंदुराव म्हणाले आणि पट्ट्या पुसल्या. दुसरा फासा. वर एक. तिसरा. वर एक.

मग त्यांना सगळं आठवलं. पांढरा नायलॉनचा तुकडा स्क्रॅपमधून मागून घेतलेला. तीन चौकोन कसे आरशासारखे घासले होते. पांढऱ्यावर ठिपके उठून दिसेनात, म्हणून उजनीच्या पाण्यात जाळी टाकणाऱ्या ओळखीच्या माणसाकडून जाळ्याला बांधतात ती शिशाची गुंडी आणली, तिचे बारीक तुकडे केले आणि एकेका भोकात हातोडीनं ठोकून बसवले. काय सुंदर दिसले होते! एकाच्या घरात एक शिसं. त्याच्या समोर सहाच्या घरात सहा शिशं. पाचासमोर दोन, चारासमोर तीन. हलक्या नायलॉनमध्ये शिसं! ज्या घरात ठिपके जास्त ते घर जड, जड घर खाली, आणि वर येणार ते कायम उणं.

शिकाऊ माणसानं असं चाक आणलं असतं तर हिंदुरावांनी त्याला शेडभर ऐकवलं असतं.

त्यांनी दाभण फेकून दिलं. लाथेनं खडूची पेटी उडवली. कुणावर ओरडायचं? पखालवाला घाटात धाप लागून मेला तो या हातोडीनं मेला होता. आणि त्या दिवशी आपण केवढ्या गोड गळ्यानं सांगितलं, की बाबांनो, देवाची इच्छा! देवाच्या नावावर आपलं गैरकाम खपवलं. तीन वर्षं. सावळारामबुवा असते तर त्यांनी टाळ फेकून मारला असता, आणि तो लागायलाच पाहिजे होता.

पाळी सुटली तसे ते सरळ संघपालच्या क्वार्टरवर गेले. संघपालची आई ताईबाई दारात तांदूळ निवडत होती. “या तात्या. रागात हाय तो. तुमी बी दिसताय. आत जाऊन काय ते निस्तरा, माझ्या तांदळात खडे नका पाडू.”

आत बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली संघपाल टेबलावर काही आखत बसला होता. तो उठला नाही. दिशा सुटीला थांबलेली होती. ती पुस्तकातून मान वर करून बघत राहिली.

हिंदुराव टेबलापाशी गेले. पिशवीतून दोन पट्ट्या काढल्या, टेबलावर दोन वह्यांमध्ये धरल्या, नवं दाभण घातलेला फासा त्यावर ठेवला आणि सोडला. वर एक. पुन्हा सहा वर करून सोडला. वर एक. तिसऱ्यांदा सोडला. वर एक.

“शिसं,” ते म्हणाले. “ठिपक्यांत शिसं भरलं मी. सहाच्या अंगाला सहा. जड झालं.”

संघपालनं स्वतः एकदा फासा सोडून बघितला. हिंदुरावांना वाटलं, आता हसेल. तो हसला नाही.

“म्हंजी नशीब बी नव्हतं,” तो म्हणाला. “तुमचंच काम व्हतं.”

“व्हय.”

“आन वरनं आमाला सांगत व्हता, गोड मानून घ्या.”

“व्हय.”

“तुमच्या गोष्टीतल्या राक्षसांना कधी फासे टाकले न्हाईत तुमी. त्यांचे आकडे पुस्तकात छापलेले. सोळा, सतरा, अठरा. आमच्या तोतऱ्याला मात्र शिसं!”

“मुद्दाम केलं न्हाय रं!” हिंदुराव ओरडले. “आईशप्पथ न्हाय केलं!”

“मुद्दाम केलं असतं तर एक वेळ भांडता आलं असतं. तुमी मनापासनं केलं. मनापासनं सांगितलं. ते जास्त लागतं, तात्या.”

 हिंदुरावांनी फासे टेबलावर ठेवले. “त्रेसष्ट तर त्रेसष्ट. तू म्हणशील ती रीत. पण वही घेऊन या रविवारी. फिरोजला मी निरोप धाडतो.”

“एक अट,” दिशा म्हणाली. ती फासा बोटात धरून उलटासुलटा करत होती. “दादा आन फिरोज त्रेसष्ट घेणार. गोष्ट मी सांगणार. आन तुमी माणूस घेऊन बसणार. या फाशांनी. पडंल ते.”

“मी? मी गोष्ट सांगतो. मी माणूस कशाला?”

“तीन वर्षं त्या दोघांनी केलं. आता तुमी करा.”

“हे बघ पोरी, मला दंड सांगायला तू—” हिंदुरावांनी संघपालकडं बघितलं. संघपालनं पुन्हा पेन्सिल उचलली होती आणि पट्टी लावून रेघ मारत होता. त्यानं मान वर केली नाही. ताईबाईनं बाहेरून विचारलं, “चहा टाकू का न्हाय ते तरी सांगा.”

“टाका,” हिंदुराव दातओठ खात म्हणाले.

रविवारी दहाला पडवी भरली. हिंदुरावांच्या जागेवर, भिंतीला टेकून, दिशा बसली. हिंदुराव पाटाच्या अलीकडं, जिथं बसून त्यांनी कधी ही पडवी पाहिलीच नव्हती. संघपालनं त्रेसष्टांतून पुन्हा तोतरा गुरवच केला होता, फक्त या खेपेला त्याला शहाणपण सोळा दिलं होतं. फिरोजनं काटकपणा अठरा घेतला आणि म्हणाला, “घाटात पळत जाणार हाय मी. तिकडनं माघारी बी पळत.”

हिंदुरावांनी फासे टाकले. बळ आठ. चपळाई सहा. काटकपणा सात. बुद्धी नऊ. शहाणपण पाच. उरली छाप. एक, दोन, एक.

“चार,” दिशा म्हणाली.

“ह्ये भोक पाडल्यामुळं झालं. परत टाकतो एकदा.”

“पडलं ते पडलं, तात्या,” तिघं एका सुरात म्हणाले. दारातून लीलाबाईनं पुस्ती जोडली, “लिव गं त्यांचं.”

दिशानं गोष्ट सुरू केली. नमन नाही, चाल नाही. प्रॅक्टिकलची वही वाचावी तशी भराभर सांगत सुटली. गावात पाणी सोडलं नाही, लोक चिडलेत, देवळापुढं दोनशे माणसं जमलीत. हिंदुराव आतून नुसते उकळत होते. अगं, दोनशे माणसं अशी एका दमात उरकतात का? त्यांचा घाम सांग, पागोटी सांग, पोरांची रड सांग! पण त्यांनी जीभ चावली. फिरोज डब्यावर ठेका धरायचं विसरला होता.

“पाटाचं पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याला लोक मारतील,” दिशा म्हणाली. “त्यानं कायबी केलेलं न्हाय, हे तुमच्या माणसाला ठाऊक हाय. एकट्याला. तुमचा माणूस पायरीवर हाय. काय करताय?”

“बोलतो,” हिंदुराव म्हणाले.

“छाप चार हाय. बसून बोलला तर कुणाला दिसायचा बी न्हाय. उभं राहून बोलावं लागंल.”

हिंदुरावांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. ही पोर काय माहीत असून बोलली की सहज, ते कळायला मार्ग नव्हता. गुडघ्यावर हात टेकून ते उठले. पडवीत, चौघांपुढं, उभे राहिले. पाय लटपटले. तोंड उघडलं.

“म-मंडळी,” ते म्हणाले, आणि अडकले. “मं-मंडळी, तो मा-माणूस...”

फिरोजला वाटलं सोंग आहे. तो खुदकन हसला. संघपाल त्याच्याकडं वळून काही पुटपुटला, दिशानं पेन टकटक वाजवला.

“गप बसा सगळे!” हिंदुराव एवढ्या मोठ्यानं गरजले की शेजारच्या क्वार्टरची खिडकी उघडली. “माझ्या माणसाला बोलू द्या!”